सोनेरी जाळ्यातल्या बाईसाहेब

गणपती गेले की नवरात्राआधीचे दोन-तीन वीकेण्ड्स म्हणजे ट्रेकर मंडळींचा प्राइम टाइम. धबधबे अजून आटलेले नसतात, वाटेवरचा चिखल जरा वाळलेला असतो आणि डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळेधमक झालेले असतात. सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगआधी डोकं ताळ्यावर आणायला यापेक्षा भारी उपाय नाही.

तर यंदा गेलात की सोनकीच्या जोडीला आणखी एक पिवळी गोष्ट बघून याच. त्यासाठी फक्त मान वर करायची. जंगलातल्या वाटेवर दोन झाडांच्या मधोमध, तुमच्या डोक्याच्या जरा वर, उन्हाची तिरीप पडली की सोन्याच्या तारेसारखं काहीतरी चमकेल. नीट बघितलंत तर मीटरभर रुंदीचं एक जाळं दिसेल. आणि त्यात डोकं खाली करून, आठही पाय ऐसपैस पसरून, एक बाईसाहेब लटकलेल्या असतील. पाय धरून मोजल्या तर जवळपास तुमच्या पंजाएवढ्या.

‘ईऽऽऽ, कोळी!’ म्हणून पान उलटू नका, प्लीज. ही स्टोरी टोटल फिल्मी आहे. यात सोनं आहे, फसवणूक आहे, चोर आहेत, जिवावर उदार झालेले प्रेमवीर आहेत आणि एक सॉलिड पॉवरफुल हिरॉइन आहे.

ओळख परेड

बाईसाहेबांचं शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. इंग्रजीत त्यांना जायंट वुड स्पायडर किंवा जायंट गोल्डन ऑर्ब वीव्हर म्हणतात. म्हणजे गोल, चक्राकार, सोनेरी जाळं विणणारा राक्षसी कोळी. योहान फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. भारतापासून आग्नेय आशिया, पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत हिचं राज्य पसरलंय. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलांत ती छान रुळलेली आहे. अगदी बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये किंवा कर्नाळ्यालाही पावसाच्या शेवटी शेवटी दर्शन देते.

मादीचं नुसतं शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर लांब. पायांसकट मोजलं तर वीस सेंटिमीटरपर्यंत मजल जाते. रंग काळपट, पोटावर पिवळ्या रेघा आणि ठिपके, काळ्याभोर लांब पायांच्या सांध्यांवर पिवळे पट्टे. म्हणजे अगदी ब्लॅक अँड यलो टॅक्सी!

आणि नर? तो पाच-सहा मिलिमीटरचा. हो, मिलिमीटर. साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याएवढा तांबूस जीव. वजनात मादी त्याच्या शंभरपटीहूनही जड भरते. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो तिचं पिल्लूच वाटतो.

आता हा फरक आला कुठून? नर खुजा झाला, की मादी राक्षसी झाली? या प्रश्नावर १९९७ मध्ये ‘नेचर’ या बड्या विज्ञानपत्रिकेत चर्चा झाली होती. कॉडिंग्टन, होर्मिगा आणि शार्फ या तिघांचं म्हणणं असं, की नेफिलाच्या घराण्यात नर होता तसाच राहिला, मादी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोठी होत गेली. फंडा सोपा आहे. पोट मोठं, तर अंडी जास्त. २०१२ मध्ये आणखी एक गंमत समोर आली. बहुतेक कोळी एकदा वयात आले की कात टाकणं थांबवतात, म्हणजे वाढ संपली. नेफिलाची मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकत राहते आणि वाढतच जाते.

कोळी आणि कोळी

आपल्या मराठीची एक गंमत बघा. जाळं टाकून मासे धरतो तो कोळी, आणि जाळं विणून माश्या धरतो तोही कोळीच. शाळेत आपण ब्रूस राजाची गोष्ट वाचली. राजा हरला, गुहेत बसला, कोळ्याला पुन्हापुन्हा जाळं विणताना बघून पेटून उठला वगैरे. प्रयत्नांती परमेश्वर! पण तो कोळी नेमकं काय करत होता, हे काही त्या धड्यात नव्हतं. ते आता बघू.

सगळ्यात आधी कोळीण वाऱ्यावर एक बारीक धागा सोडते. तो उडत उडत समोरच्या फांदीला चिकटला की झाला पूल तयार. मग त्या पुलावरून ये-जा करून ती चौकट बांधते. चौकटीतून मध्याकडे जाणारे आरे टाकते, सायकलच्या चाकासारखे. त्यानंतर मध्यापासून बाहेरच्या दिशेने एक विरळ गोल चक्र फिरवते. हे चक्र चिकट नसतं. बांधकामावर बांबूची परात असते ना, तसं ते कामापुरतं असतं. आणि शेवटी त्या परातीचा आधार घेत, बाहेरून आत येत, चिकट धाग्याचं दाट चक्र विणते. हाच खरा सापळा.

बाकीचे चक्राकार जाळी विणणारे कोळी काम झालं की ही परात काढून टाकतात. नेफिला काढत नाही. त्यामुळे तिचं जाळं जवळून बघितलं तर पाश्चात्त्य संगीताच्या नोटेशनच्या वहीसारखं दिसतं. एक ठळक रेघ, मग बारीक रेघांचा गठ्ठा, पुन्हा एक ठळक रेघ. रोज नवं जाळं विणण्याचा तिचा हट्टही नाही. फाटलेला, धूळ बसलेला चिकट भाग ती काढते, खाऊन टाकते आणि तेवढीच जागा पुन्हा विणते. हो, जाळं खाते. धागा म्हणजे निव्वळ प्रोटीन, ते वाया कशाला घालवायचं? पोटात गेलं की पुढच्या धाग्याला कामी येतं. रिसायकलिंगवर प्रेझेंटेशन देणाऱ्यांनी इथे इंटर्नशिप करायला हरकत नाही.

बाईसाहेबांची बसायची जागाही ठरलेली. जाळ्याच्या बरोबर मध्यावर नाही, जरा वरच्या बाजूला. तोंड खाली. कारण? खाली धावणं सोपं, वर चढणं कठीण. भक्ष्य खालच्या मोठ्या भागात अडकलं की दोन सेकंदांत पोचता येतं. जितकं शरीर जड, तितकी ही जागा वर सरकते.

मग गुरुत्वाकर्षणच नसेल तर? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९७३ मध्ये नासाच्या स्कायलॅबवर अनिता आणि अराबेला नावाच्या दोन कोळिणी गेल्या होत्या. त्या दुसऱ्या जातीच्या. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेफिलाच्या अमेरिकन भावकीतल्या सोनेरी कोळिणी पाठवल्या गेल्या. त्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२० मध्ये छापून आला. अंतराळात जाळी बऱ्यापैकी गोल, सममित झाली. पण जाळं विणताना दिवा चालू असेल, तर पृथ्वीवरच्यासारखीच एका बाजूला सरकलेली! ‘वर’ कुठे आणि ‘खाली’ कुठे, हे कळायला वजन नसेल तर कोळीण उजेडाचा आधार घेते. बॉस, हा प्लॅन बी कोट्यवधी वर्षं कधी वापरावाच लागला नव्हता, तरी तयार होता.

सोनं कशासाठी?

जाळं म्हटलं की ते दिसता कामा नये, हे आपलं लॉजिक. मग नेफिला जाळं सोनेरी का रंगवते?

उत्तर सोनकीच्या फुलांतच आहे. मधमाशीच्या डोक्यात ‘पिवळं म्हणजे फूल, फूल म्हणजे जेवण’ हे समीकरण पक्कं बसलेलं असतं. कॅथरीन क्रेग या संशोधिकेने नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सोनेरी कोळ्यावर काम केलं. भरपूर उजेडात पिवळा धागा मधमाश्यांना खेचतो. शिवाय पिवळ्या रंगाला धोका मानून टाळायचं, हे त्यांच्या सहजासहजी गळी उतरत नाही. सावलीत तोच पिवळा रंग पानांच्या हिरव्या-पिवळ्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. आणि कळस म्हणजे, आजूबाजूला उजेड किती आहे त्यानुसार कोळीण धाग्यातल्या रंगाचं प्रमाण कमी-जास्त करते.

आता बाईसाहेबांच्या अंगावरचे ते पिवळे पट्टे आठवा. ताय्वानमधल्या संशोधकांनी नेमक्या आपल्याच जातीच्या, म्हणजे नेफिला पिलिपेसच्या, पट्ट्यांवर रंग फासून ते झाकले. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पट्टे झाकल्यावर जाळ्यात येणारे कीटक कमी झाले. दिवसा तर झालेच, रात्रीही झाले. म्हणजे अंधारात फिरणारे पतंगसुद्धा त्या पिवळ्या रंगाला भुलत होते. हल्ली कुठल्याही ब्रँडला विचारा, लोगोचा रंग ठरवायला किती मीटिंग्ज होतात ते! इथे काम आधीच झालंय.

बाईसाहेबांना डोळे आठ, पण नजर यथातथाच. सगळा कारभार पायांवर चालतो. पायांवर बारीक फटींसारखे संवेदक असतात, ते जाळ्याची थरथर टिपतात. वाऱ्याची थरथर वेगळी, पडलेल्या पानाची वेगळी, धडपडणाऱ्या माशीची वेगळी. माशी आहे असं कळलं की धाव, चावा, विष, खेळ खल्लास. काही कोळी आधी भक्ष्याला धाग्यात गुंडाळतात आणि मग चावतात. नेफिला आधी चावते. मग ऐवज उचलून मध्यावर आणते, पाचकरस सोडून मऊ करते आणि ज्यूस पिते.

मेन्यूत माश्या, मधमाश्या, नाकतोडे, चतुर, फुलपाखरं, रातकिडे असं सगळं. क्वचित कधी त्याहून मोठंही. ऑक्टोबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सोनेरी कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या मुनियासारख्या छोट्या पक्ष्याचा फोटो जगभर गाजला होता. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी कोळ्यांनी वटवाघळं पकडल्याच्या जगभरातल्या पन्नासेक नोंदी गोळा केल्या, त्यातही हे घराणं आहे. पण घाबरू नका. तुम्ही मेन्यूत नाही. तुम्ही समोर आलात तर बाईसाहेब बहुतेक वेळा जाळं हलवतात किंवा वर सटकतात. हातात धरून दाबल्याशिवाय चावायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि चावल्या तरी धडधाकट माणसाला थोडी जळजळ आणि सूज, एवढ्यावर भागतं.

पेइंग गेस्ट आणि पाकीटमार

एवढं मोठं जाळं म्हटल्यावर फुकटे येणारच. जाळ्यावर नीट बघितलंत तर थेंबासारखे चंदेरी किंवा तांबूस चिमुकले कोळी दिसतील. हे आर्गायरोडीस. स्वतः सापळा विणायचे कष्ट नाहीत. बाईसाहेबांच्या जाळ्यात राहायचं, त्यांच्या नजरेत न भरणारे छोटे कीटक उचलायचे, जमलंच तर त्यांच्या ताटातलं ओढायचं. भाडं नाही, डिपॉझिट नाही. पुण्या-मुंबईत वन रूम किचन शोधणाऱ्यांना हेवा वाटावा असं लाइफ!

मुंग्यांचा त्रास मात्र बाईसाहेबांना चालत नाही. एवढं प्रोटीन लटकतंय म्हटल्यावर मुंग्यांची फौज धाग्यावरून चालत यायला हवी. येत नाही. नेफिलाच्या सिंगापूरमधल्या बहिणीवर, नेफिला अँटिपोडियानावर झालेल्या संशोधनात कारण सापडलं. धाग्यावर एक रसायन असतं, ते मुंग्यांना सहन होत नाही. लक्ष्मणरेषाच म्हणा ना! आपण बाजारातून खडू आणून ओट्यावर ओढतो, ती अंगातूनच काढते.

डेटिंग, जिवावर बेतलेलं

आता मेन स्टोरी.

नर वयात आला की स्वतःचं जाळं सोडतो आणि मादीच्या शोधात निघतो. सापडलं जाळं, की कडेला तळ ठोकतो. एकाच जाळ्यावर दोन-चार उमेदवार असणं अगदी कॉमन. सगळ्यात दांडगा असेल तो मध्याजवळ, बाकीचे वेटिंग लिस्टवर. मध्ये मध्ये आपापसात मारामाऱ्या.

प्रॉब्लेम एकच. बाईसाहेबांच्या हिशेबात पाच मिलिमीटरचा हलणारा जीव म्हणजे स्टार्टर. जवळ गेलं आणि मूड नसला, तर लग्नाआधीच तेरावं. म्हणून नर टायमिंग साधतो. तिच्या तोंडात मोठा घास असेल तेव्हाच पुढे सरकतो. बॉस जेवत असताना रजेचा अर्ज पुढे करण्यातला प्रकार. तेवढ्यात तिच्या ताटातले चार घोट स्वतःही मारून घेतो.

दुसरी युक्ती याहून भारी. २०११ मध्ये झांग, कुंटनर आणि ली यांनी नेफिला पिलिपेसवरच हे काम केलं. नर मादीच्या पाठीवर चढतो आणि बारीक धागा सोडत पुन्हापुन्हा फेऱ्या मारतो. पाठीवर, पायांच्या मुळाशी, सगळीकडे तलम धाग्यांचं जाळं पसरतो. तिला बांधायला नाही हं! तिने एक झटका दिला तर ते धागे कुठच्या कुठे. पण त्या स्पर्शाने ती शांत होते. धाग्यातल्या गंधाचाही वाटा असतो, पण जास्त काम स्पर्श करतो, असं या अभ्यासात दिसलं. ज्या नराला हा मसाज जमतो त्याला दुसरी संधी मिळते आणि तो जिवंत राहायची शक्यता वाढते. थोडक्यात काय, सहाशे रुपयांच्या गुच्छापेक्षा पाच मिनिटं पाठ चेपून दिलेली बरी!

याच घराण्यातला एक चुलतभाऊ तर त्याच्याही पुढे गेलाय. नेफिलेंगिस मलबारेन्सिस. जातीच्या नावातच मलबार आहे. हा नर मीलनाच्या वेळी आपला शुक्राणू सोडणारा अवयव मोडून मादीच्या शरीरात ठेवतो आणि पळतो. नर पळाला तरी तो तुटलेला भाग पुढे काम करतच राहतो. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी याला नाव दिलं ‘रिमोट कॉप्युलेशन’. वर्क फ्रॉम होम आपण २०२० मध्ये शिकलो. जाऊ दे, पुढे जाऊ.

एका सीझनची बाजी

इथपर्यंत हसत आलात. आता एक गोष्ट जरा सीरियसली घ्या.

या बाईसाहेबांचं आयुष्य साधारण एका वर्षाचं. पावसाच्या सुरुवातीला तुमच्या नखाएवढ्याही नसतात. पावसाळाभर कीटक खातात, कात टाकतात, वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिसायला लागतात, हिवाळा सुरू होता होता शेवटचा अंक येतो. सगळ्या पावसाळ्याची कमाई पोटात अंड्यांच्या रूपात साठलेली असते. मग ही एरवी जमिनीवर पाय न ठेवणारी कोळीण पहिल्यांदा जाळं सोडून खाली उतरते. मातीत उथळ खड्डा खणते, त्यात अंडी घालते, त्यांना धाग्याची दुलई देते आणि वरून माती-पालापाचोळा ओढून घेते. अंड्यांचा हा पुरून ठेवण्याचा प्रकार तिच्या घराण्यातही वेगळाच मानला जातो. त्यानंतर ती फार दिवस जगत नाही. पुढच्या वर्षी त्या जंगलात नेफिला दिसणार की नाही, हे त्या एका खड्ड्यावर ठरतं.

आणि नेमकं याच दिवसांत आपण काठ्या घेऊन जंगलात शिरतो.

मागच्या वर्षीच्या एका ट्रेकला चाळीस जणांचा ग्रुप होता. सगळ्यात पुढे एक उत्साही गडी, हातात बांबू. वाटेत जाळं आलं की काठी गोल फिरवायची, कॉटन कॅण्डीसारखं सगळं गुंडाळून घ्यायचं आणि झटकून द्यायचं. ‘रस्ता क्लिअर!’ मागून टाळ्या. एक जाळं वाटेपासून चांगलं चार फूट बाजूला होतं. कुणाच्याच तोंडावर येणार नव्हतं. त्यावरही काठी फिरली, नुसती गंमत म्हणून. मादी खाली पडली, पोट टम्म फुगलेलं, दोन पाय तुटलेले. फोटो निघाले. ग्रुप पुढे गेला.

कोळ्याचे तुटलेले पाय कात टाकताना पुन्हा येऊ शकतात. पण त्यासाठी कात टाकायला वेळ हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या पोटुशीकडे तो होता का? फाटलेलं जाळं नव्याने विणायचं म्हणजे अंड्यांच्या वाट्याचं प्रोटीन खर्च करायचं. आणि तुटलेल्या पायांनी विणायचं. पायांनीच तर ती ऐकते, पायांनीच मोजते, पायांनीच विणते.

आपल्यासाठी ते तीन सेकंदांचं टाइमपास. तिच्यासाठी अख्खा सीझन.

धाग्याचं मार्केट

‘पण आम्हाला त्याचा उपयोग काय?’ असं विचारणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्यासाठी हे.

ज्या धाग्यावर कोळीण लटकते, तो सारख्या वजनाच्या पोलादी तारेपेक्षा मजबूत असतो. तुटण्याआधी तो जेवढी ऊर्जा रिचवतो, तेवढी बुलेटप्रूफ जॅकेटमधलं केव्हलारही रिचवत नाही. आणि हे सगळं जंगलात, नॉर्मल टेंपरेचरला, माश्यांपासून बनतं. पोटातल्या ग्रंथींत ते प्रोटीन द्रवरूपात असतं, बाहेर ओढलं जाताना घट्ट धागा होतं. स्पायडरमॅनचा धागा मनगटातून निघतो, खऱ्या कोळ्याचा पोटाच्या टोकाकडून. स्टाइलमध्ये मार्क कमी, पण धागा ओरिजिनल.

मादागास्करमध्ये या घराण्यातल्या कोळ्यांच्या धाग्यापासून कापड विणायचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिथला कोळीधाग्याचा पलंगाचा पडदा ठेवला होता. पुढे सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनी तिथेच नाद केला. सत्तरेक माणसं रोज तारांच्या खांबांवरून कोळिणी गोळा करायची, एका हातमागासारख्या छोट्या यंत्रावर एका वेळी चोवीस कोळिणींचा धागा काढायचा आणि त्यांना परत सोडायचं. चार वर्षं आणि दहा लाखांहून अधिक कोळिणींनंतर अकरा फूट बाय चार फुटांचं एक कापड झालं. २००९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये मांडलं होतं. २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांनी केलेला कोळीधाग्याचा झगा झळकला. एक थेंबही डाय नाही. तो सोनेरी रंग कोळिणींचाच.

मग रेशमाच्या किड्यांसारखं कोळीपालन का नाही? कारण शंभर कोळिणी एका खोलीत ठेवल्या की दोन दिवसांत थोड्याच उरतात. एकमेकींना खातात. म्हणून शास्त्रज्ञ आता जीवाणू आणि यीस्टच्या मदतीने हे प्रोटीन बनवायच्या मागे आहेत. कॅनडातल्या एका कंपनीने तर कोळ्याचं जनुक टाकून बकरीच्या दुधातून ते काढायचा घाट घातला होता. कंपनी बुडाली. बाईसाहेब मात्र वाटेवरच्या झाडावर बसून, फंडिंगशिवाय, रोज तो धागा काढतायत.

जाताय? मग एवढं करा

- काठी हवीच असेल तर ती चढणीला वापरा. जाळं खरंच वाटेत आडवं असेल तर खाली वाका. वाकायला जागाच नसेल तर एका बाजूचा आधाराचा धागा हलकेच सोडवा, कोळीण आपोआप दुसऱ्या बाजूला सरकते.
- सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असतं, धाग्याचं सोनं तेव्हाच दिसतं. भर दुपारी हेच जाळं दिसतही नाही.
- जाळ्याला बोट लावून ‘येते का बघू’ हा खेळ नको. खोट्या हाकेला तिची शक्ती जाते.
- फोटो काढायचाय? बाजूने काढा, म्हणजे जाळ्याचा कल दिसेल. मग झूम करून कडेला तो तांबूस ठिपका शोधा. सापडला, तर तो नर. बिचाऱ्याला ऑल द बेस्ट म्हणा.
- ग्रुपमध्ये कुणी काठी फिरवायला लागलं तर एकदा थांबवा. लेक्चर नको. फक्त विचारा, ‘अरे, हे सोनं कशामुळे, माहितीये?’ पुढचं तुम्हाला आता माहितीये.

आणि हो, तिच्या प्रेमात पडायलाच हवं असं काही नाही. लांबून बघून अंगावर काटा आला तरी चालेल. फक्त आपण वाट सोडून तिच्या घरात शिरत नाही, एवढं जमलं तरी पुरे. नोव्हेंबर संपता संपता ती आपली आपणच खाली उतरेल. तिला तिथे एक महत्त्वाचं काम आहे.